लाल ठिपक्यांची पाखरं

रामाजी सायकलला दोन साखळ्या लावायचा. एक पुढच्या चाकाला, एक मागच्या. तेवढ्यानं भागत नसे म्हणून सीट उपसून काखेत मारायचा आणि तसाच दुकानात शिरायचा. एकदा नागपुरात धरमपेठेत प्रयागबाई, म्हणजे त्याची बायको, लुगडी पाहत बसली होती आणि हा बाजूला सीट धरून उभा. दुकानदारानं विचारलं, "काय भाऊ, सीट विकायची हाय का?"

रामाजी म्हणाला, "तुमच्यासारख्यायच्या भेवानं तर काढून आणली!"

प्रयागबाईनं कपाळाला हात लावला. त्या दिवशी लुगडं आलं नाही, सीट मात्र सुखरूप घरी आली.

ही सवय आजची नव्हे. कुहीकडच्या एका धानाच्या गावात तो चौथीपर्यंत शिकला. गुरुजींनी सांगितलं, पृथ्वी गोल आहे. सगळी पोरं एका सुरात म्हणाली, गोल आहे. हा उठून म्हणाला, "गुरुजी, तुमी पाहून आले का?" छड्या खाल्ल्या पण प्रश्न मागं घेतला नाही. पुढं संसाराला लागल्यावर दुधाच्या भांड्यावर कोळशानं रेघ मारून ठेवायचा. प्रयागबाई म्हणायची, "मांजर पेलं तर रेघ काय भुकन का?" तरी हा रेघ मारायचाच.

असा माणूस सरकारला फार आवडतो. नागपूर शहर संपून कुहीचा रस्ता लागतो तिथं कोसा बीजकेंद्र होतं. रामाजी तिथं मजूर म्हणून लागला आणि पुढं मुकादम झाला. कोसा म्हणजे आपलं रानातलं रेशीम. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावर अळ्या पोसायच्या, त्या स्वतःभोवती कोश विणतात. चांगले कोश बीजाला ठेवायचे. त्यातून तळहाताएवढी पाखरं निघतात, नर नि मादी. त्यांची जोडी लावायची, मादीनं घातलेली अंडी तपासायची आणि गावोगावच्या पाळणाऱ्यांना वाटायची. सारा खेळ जोडीवर. नर कमी पडले तर मादी वांझी अंडी घालते, आणि वांझी अंडी नेलेला पाळणारा वर्षभर शिव्या देतो.

केंद्रात दोन खोल्या होत्या. पूर्वेची माद्यांची, पश्चिमेची नरांची. मधे व्हरांडा. संध्याकाळी कोवळ्या माद्या बांबूच्या टोपल्यांत बसवायच्या, मग हवे तेवढे नर नेऊन सोडायचे. उरलेले नर आपल्या खोलीत दुसऱ्या दिवसाची वाट पाहत बसायचे. खोलीला जाळी होती, दाराला कुलूप होतं आणि किल्ली रामाजीच्या करगोट्याला.

शहात्तर साली, पोळा झाल्यावर, नर कमी व्हायला लागले.

पहिल्या दिवशी आठ. रामाजीला वाटलं, मोजण्यात चूक. दुसऱ्या दिवशी तेरा. तिसऱ्या दिवशी त्यानं दोनदा मोजले, एकदा डावीकडून नि एकदा उजवीकडून, तरी अकरा कमीच. कुलूप जसंच्या तसं. जाळी त्यानं बोटानं चाचपली, शाबूत. वरती छपराला कवेलू, म्हणजे कौलं, होती, पण कवेलूकडे कोण पाहतो? चोर दारातून येतो, हे रामाजीचं शास्त्र.

आधी संशय पालीवर गेला. पण पाल पाखरू खाते तेव्हा पंख टाकून देते, आणि खोलीत पंख नव्हते. मग चौकीदार लहानूवर. तीन दिवस रामाजीनं लहानूचा डबा हुंगला. लहानू म्हणाला, "मुकादम, पाखरायची भाजी करते का कोनी? तुमी सांगा, मी घरी सांगतो." त्याला सोडून दिलं, पण मनातून नव्हे.

मग रामाजीनं एक शक्कल काढली. हापिसातली लाल शाई घेतली, काडीला कापूस गुंडाळला आणि एकेका नराच्या उजव्या पंखावर ठिपका दिला. दीडशे नर, दीडशे ठिपके. बोटं महिनाभर लाल राहिली. लहानू म्हणाला, "टिळा लावून लगनाले पाठवून राहिले का?" आता माल कुठंही सापडू दे, ओळखू येणार होता.

उरली अंजनाबाई.

अंजनाबाई रोजंदारीवर होती, आठ वर्षं. झाडणं, टोपल्या धुणं, माद्या उचलून ठेवणं, सगळं तिच्याकडे. केंद्रापासून पाऊण मैलावर, शहराच्या बाजूला, पश्चिमेला, बौद्ध मंडळींची एक वस्ती होती, तिथं राहायची. नवरा नव्हता. हात असा हलका की मादी तिच्या बोटावर पंख मिटून बसायची. त्याच महिन्यात तिची नोकरी पक्की व्हायची होती. केंद्राच्या प्रमुख सत्यवती मॅडमनी कागद तयार केला होता. वर्तणूक चांगली आहे, एवढ्या एका ओळीखाली मुकादमाची सही पाहिजे होती, आणि कागद शनिवारी वरच्या कचेरीत जायचा होता. ही सही झाली की अंजनाबाईला म्हातारपणी कोणाच्या दारात उभं राहायची गरज नव्हती.

सही करायच्या आधी नेमके नर गायब होतात! रामाजीनं मनात गणित मांडलं. कन्हानकडे कोणी खासगी पाळणारा असेल. त्याला फुकटात जातिवंत नर पाहिजे असतील. आत कोणाचा हात फिरतो? हिचा. बाहेर गाठोडं कोणाचं जातं? हिचं. आता मधे कुलूप होतं, त्याचं काय, हे गणितात बसत नव्हतं. पण जे बसत नाही ते सोडून द्यायचं, असं गणित रामाजीच कशाला, बरेच जण करतात.

सोमवारी संध्याकाळी त्यानं तिला फाटकात अडवलं. लहानू होता, दोन मजूर होते.

"अंजनाबाई, गाठोडं सोड वं."

"काहून?"

"सोड म्हनलं ना."

तिनं गाठोडं खाली ठेवलं, गाठ सोडली. रिकामा डबा, चुलीसाठी वाळली पानं, पानाची चंची. रामाजीनं पानं उलटीपालटी केली, चंचीत बोट घालून पाहिलं.

अंजनाबाई म्हणाली, "काय सापडलं गा, रामाजीभाऊ? सुपारीचं खांड? ठेवून घे ते. अन् लुगडं बी झटकू का? हे तिघं उभेच हायत पाहाले."

मजुरांनी माना खाली घातल्या. रामाजी म्हणाला, "ज्याच्या मनात पाप नाही त्याले कायचं भेव?"

"भेव नाही लागत. लाज लागते. आठ वरसं झाले, भाऊ." तिनं गाठोडं बांधलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सोळा नर कमी!

रामाजी सत्यवती मॅडमकडे गेला. मॅडम धरमपेठेतून लुनावर यायच्या. वय तिशीच्या आतलं, डोळ्याला चष्मा, आणि पाखरांविषयी बोलायला लागल्या की चहा गार व्हायचा. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "रामाजी, ते स्वतःच उडून जात नसतील?"

"कुठं जातीन, मॅडम? इथं माद्याच माद्या हायत. पंगत सोडून उपाशी कोनी उठते का?"

"नराच्या मिशा पाहिल्यात ना? पिसासारख्या. मादीच्या अंगातून एक वास सुटतो, ती बसते तिथंही तो मुरून राहतो. तुम्हाला-मला तो येत नाही. नराला मात्र मैलावरून येतो. वाऱ्यावर एखाददुसरा कण आला की तो वाऱ्याच्या उलट दिशेनं निघतो. आपल्या माद्या पूर्वेला आहेत आणि वारा सध्या पश्चिमेचा. म्हणजे आपल्या माद्यांचा वास नरांपासून दूरच चाललाय. पश्चिमेला कुठं मादी असेल तर—"

"मैलावरून?" रामाजी म्हणाला.

"मैलाचं काय घेऊन बसलात! चंद्र दोन लाख मैलांवरून समुद्राला ओढतो, भरती येते."

"समुद्र म्या पाह्यला नाही," रामाजी म्हणाला.

मॅडम हसल्या. रामाजीला मात्र त्या हसण्यात काही वेगळं दिसलं. ही बाई अंजनाबाईची बाजू घेऊन राहिली का? काहून घेऊन राहिली? जो वास येत नाही, दिसत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा, आणि गाठोडं दिसतं त्याच्यावर ठेवायचा नाही? बाहेर पडता पडता त्यानं मॅडमच्या लुनाला अडकवलेल्या पिशवीतही डोकावून घेतलं. आत रुमाल आणि दोन संत्री होती.

गुरुवारी दिवस उगवता उगवता रामाजी सायकल काढून थेट वस्तीत गेला. अंजनाबाई नळावर गेली होती. तिचं घर कवेलूचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, दारावर बुद्धाची तसबीर. आणि भिंतीवर, कुडावर, अंगणातल्या शेवग्याच्या बुंध्यावर पाखरं बसली होती. तळहाताएवढी, विटकरी. प्रत्येकाच्या उजव्या पंखावर लाल ठिपका!

रामाजीच्या अंगात वीस वर्षांच्या पोराचं बळ आलं. "निघा बाहेर सारे! पाहा! सरकारी माल पाहा!"

लोक जमले. अंजनाबाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन आली, गर्दी पाहून थबकली. रामाजीनं एक नर उचलून तिच्या तोंडासमोर धरला. "हे काय हाय वं? कोनाच्या शाईची खून हाय ही?"

ती पाखराकडे पाहत राहिली. "रोज सकाळी येऊन बसून राह्यतात. मले वाटलं, रानातले असतीन. कोंबडी दोनचार खाते."

"रानातल्या पाखराले लाल शाई कोन लावते?"

"मी काय एकेकाचे पंख उलटून पाहात बसू?" तिनं गुंड खाली ठेवला. पाणी सांडलं, तिकडं तिनं पाहिलं नाही. "रामाजीभाऊ, छप्पन साली माह्या मायनं मले बोटाले धरून दीक्षेले नेलं, तवापासून रोज सकाळी पंचशील म्हनून मी चूल पेटवते. त्यातलं दुसरं शील काय हाय, इचार या कोनालेबी. जे दिलं नाही ते घेनार नाही. मले तू जे दिलं तेच या घरात हाय. बाकी काहीच नाही."

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "पाखरं धरून आनली असती तर कोंडून ठेवली असती ना गा. भितीवर उघडी कोन ठेवन?"

रामाजीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सहा नर धोतराच्या सोग्यात बांधले आणि निघाला. निघताना मात्र त्याची नजर अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक टोपली पालथी होती, खाली कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती. टोपलीवर पाखरं अशी दाटली होती की बांबू दिसत नव्हता. त्यानं मान फिरवली.

मॅडमनी नर पाहिले, ठिपके पाहिले. चेहरा उतरला. "कुठं बसले होते, रामाजी?"

"भितीवर."

"नुसत्या भिंतीवर?"

"भितीवरच, मॅडम."

मॅडमनी कागद पुढं ओढला. "मग मला अंजनाबाईंचं नाव पाठवता येणार नाही. उद्यापासून त्यांना कामावर यायला नको म्हणून सांगावं लागेल." पण पेन उघडलं आणि पुन्हा टोपण लावून ठेवलं. शेवटी म्हणाल्या, "शनिवारी सकाळी लिहीन."

रामाजी जिंकला होता. पण दुपारची अर्धी भाकर त्यानं तशीच बांधून परत आणली. घरी प्रयागबाई म्हणाली, "चोर सापडला तरी तोंड काहून उतरलं तुमचं?"

ती टोपली त्याला ठाऊक होती. त्याचं असं झालं होतं. केंद्रातला नियम होता, मादीची टोपली तीन जोडण्यांनंतर जाळायची, त्याच दिवशी. आईकडून अंड्यात उतरणारा एक रोग असतो, त्याचे डाग टोपलीत राहतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी रामाजी तशीच एक टोपली घेऊन खड्ड्याकडे चालला होता. अंजनाबाई म्हणाली, "अशी घट्ट टोपली जाळता? माह्या पिल्लायले घार नेते. मले द्या." रामाजी म्हणाला होता, "मले काय भेटन?" "हप्त्याले दोन अंडी." रामाजीनं इकडंतिकडं पाहून टोपली दिली. अंडी येतही होती. तो ती पाण्यात बुडवून पाहायचा, तरंगतात की बुडतात. अंडी ताजी निघायची. अंड्यांवर संशय घेतला, टोपलीवर कधी घेतला नाही.

मले तू जे दिलं तेच या घरात हाय. अंजनाबाईनं चारचौघांत टोपलीचं नाव घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर ती सुटली असती आणि रामाजी अडकला असता. ते काहून घेतलं नाही, हा विचार त्याला सोडेना. यात तिचा काय डाव असेल, हे त्यानं नाना तऱ्हांनी शोधून पाहिलं. डाव सापडला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तो घरातली एक नवी टोपली घेऊन वस्तीत गेला. प्रयागबाईला सांगितलंही नाही. अंजनाबाई दारात बसली होती.

"ते जुनी टोपली दे."

"अन् पिल्लं?"

"ही घे. नवी हाय."

तिनं नवी टोपली उलटून पाहिली, आतून-बाहेरून, बुडाशी बोट फिरवून, अगदी रामाजी पाहतो तशी. "भोक तर नाही ना गा?" म्हणाली. मग जुनी काढून दिली.

रामाजीनं ती केंद्राच्या नैऋत्येला, रस्त्यापासून दूर, एका एकट्या मोहाच्या फांदीला टांगली. तिथं ना घर, ना माणूस, ना गाठोडं. मनात म्हणाला, उद्या ही रिकामी दिसो. रिकामी दिसली तर अंजनाबाई चोर, मॅडमचं वासाचं शास्त्र खोटं, आणि आपण शहाणे. आणि खाली मन म्हणत होतं, रिकामी दिसू नये.

शनिवारी उजाडताच गेला. टोपलीवर चौदा नर. लाल ठिपक्यांचे चौदा. मिशा वाऱ्यात हलत होत्या. रिकाम्या टोपलीला असे बिलगले होते की जणू आत कोणी बसलंय. रामाजीनं टोपली नाकाला लावली, खोल श्वास घेतला. बांबूचा वास आला, कोंबडीचा आला. बाकी काही नाही. तो बराच वेळ हुंगत राहिला. मग केंद्राकडे वळून पाहिलं, आणि पहिल्यांदा त्याला नरखोलीचे कवेलू दिसले. मधला एक सरकला होता. दोन बोटं फट. त्याच्या करगोट्याला किल्ली लटकत होती, आणि पाखरं वरून आरामात गेली होती.

आता काय करायचं ते सोपं होतं. काडी ओढायची, टोपली तिथंच जाळायची, कवेलू सारखा करायचा. नर जाणं बंद होईल. अंजनाबाईला काढली आणि चोरी थांबली, असं सारं केंद्र म्हणेल. कोणाला शंका येणार नाही. रामाजीला पेन्शनला दोन वर्षं होती. काडेपेटी खिशात होती, ती त्यानं काढलीही.

आणि तो थांबला. पुढं म्हातारपणी तो हे सांगायचा तेव्हा इथं हसायचा. म्हणायचा, "पाहा ना, अशा टायमाले संशय घेनारा मीच, अन् ज्याच्यावर घ्यायचा तोबी मीच! मंग आपलीच झडती घेतली."

त्यानं टोपली कॅरिअरला बांधली. पाखरं उडाली नाहीत, दोनचार उडाली ती परत येऊन बसली. अशी वरात घेऊन तो फाटकात शिरला. लहानू ओरडला, "मुकादम, हे लगन खरंच लागलं का?"

मॅडम कागद काढून बसल्या होत्या. रामाजीनं टोपली टेबलावर ठेवली.

"ही तिच्या अंगनात होती. पाखरं हिच्यावर दाटली होती, नुसती भितीवर नव्हती. काल रात्रभर मोहाच्या झाडाले टांगली होती, तिथंबी आली."

मॅडमचे डोळे चष्म्यामागं मोठे झाले. आधी पाखरांकडे पाहून आनंदानं, मग टोपलीच्या बुडावरचा केंद्राचा शिक्का पाहून. "ही तर जाळायची होती. तिच्याकडे कशी गेली?"

"म्या देली. हप्त्याले दोन अंड्यायवर."

मॅडम म्हणाल्या, "रामाजी, मला हे लिहावं लागेल. वर पाठवावं लागेल."

"लिहा. पन आधी तो दुसरा कागद द्या, मी सही करतो. नाहीतर माह्यावर कागद आला म्हून म्या रागानं सही अडवली, असा तुमाले संशय येईन."

त्यानं सही केली. चौथी पास माणसाची, रेघ सोडून खाली घसरलेली. मग खड्ड्यावर जाऊन टोपली स्वतः जाळली, राख होईपर्यंत उभा राहिला, राख काठीनं उकरून पाहिली. मुकादमी गेली. दोन वर्षं तो साधा मजूर म्हणून राहिला आणि पेन्शन त्याच हिशेबानं बसली. प्रयागबाई म्हणाली, "दोन अंड्यायसाठी मुकादमी घालवली, अन् वरून माही नवी टोपलीबी गेली!"

अंजनाबाई सोमवारी कामावर आली. रामाजी शिडीवर चढून कवेलू बसवत होता. ती आधी हापिसात जाऊन आली, मग शिडीखाली उभी राहिली. तो खाली उतरला, काही बोलायला तोंड उघडलं, पण चारचौघांत गाठोडं सोडायला सांगणं जितकं सोपं गेलं होतं तितकं हे गेलं नाही. "बाई, माहं चुकलं," एवढंच म्हणाला, आणि तेही शिडीकडे पाहून.

"मोठ्यानं म्हन गा. तवा तर साऱ्या वस्तीले ऐकू गेलं होतं."

त्यानं मोठ्यानं म्हटलं. लहानूनं ऐकलं, मजुरांनी ऐकलं. मग तिनं गाठोडं खाली ठेवलं, स्वतःच गाठ सोडली आणि फडक्यातून दोन अंडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"आता काहून?" रामाजी म्हणाला. "टोपली तर गेली."

"नवी देली ना तू. घे. पान्यात नको बुडवू, खून करून आनली हाय."

रामाजीनं अंडी उजेडात धरली. दोन्हींच्या टोकाला, हापिसातल्या शाईचा, एकेक लाल ठिपका होता.